रात्र शांततेत

ठाण्यातून मला मिळालं ते एवढंच:
एक शिट्टी, एक काठी,
आधीच्या कुणाच्या तरी पोटाच्या मापाचं चकाकतं जाकीट,
आणि नदाफ मॅडमचं एक वाक्य,
"हिंदुराव, तुम्ही पोलीस न्हाई. तुम्ही नुसतं डोळं."

उद्यमनगरात लेथवर छत्तीस वर्षं मी डोळेच होतो.
फिरत्या लोखंडात दोन थाऊची चूक दिसायची मला.
रिटायर झालो आणि झोप गेली.
झोप नसलेल्या माणसाला पेठेनं गस्त दिली,
माझ्या समाजसेवेचा इतिहास संपला इथं.

बारा ते चार.
गंगावेस, धोत्री गल्ली, उत्तरेश्वर,
तालमीच्या खिडकीतून येणारा तांबड्या मातीचा वास,
खाली घाटापर्यंत, आणि परत.
जोडीला सुबराव, दिवसा हार विकणारा,
त्याच्या बोटांना रात्रीही निशिगंध.
चोर कधीच भेटला नाही.
भेटल्या त्या गाडीला विसरलेल्या किल्ल्या,
उघडं राहिलेलं शटर,
आणि आक्काताईंचा रेडिओ, रात्रभर बारीक चालू,
घरात कुणी बाप्या आहे असं बाहेर वाटावं म्हणून.
आम्ही खिडकीखाली थांबायचो, खोकायचो.
"हाय रं, जागीच हाय," आतून.
आणि गजातून दोन कप चहा.

मग श्रावणात मोबाइलवर ती टोळी आली.
चादरी विकायच्या निमित्तानं येतात म्हणे,
दारावर खडूनं फुल्या मारतात म्हणे.
पेठ म्हणे-म्हणेनं फुगत गेली.
गस्तीला दोघांचे चाळीस झाले,
काठ्यांना तेल लागलं,
आणि माझ्या पायांत, लपवत नाही,
पंचविशीतली एक चाल परत आली.

तो दुकानाच्या पायरीवर झोपला होता.
उशाला पिशवी. पिशवीत चादर.
चादर!
एवढं पुरलं.

कुठला रे तू? कुणाचा? काय बघत होतास?
पोराच्या तोंडून शब्द येईनात,
आले ते कानडी.
पहिली थप्पड कुणाची ते अंधारात दिसलं नाही.
दुसरी दिसली, सुबरावची,
निशिगंधाच्या बोटांची.
आणि काठी माझीही वर गेली होती.
हे मी नदाफ मॅडमना सांगितलं नाही.
इथं सांगतो.

वर गेलेली काठी तशीच राहिली,
कारण पोरगं "अव्वा" म्हणालं.
माझी आई संकेश्वरची.
ताप आला की ती त्याच भाषेत बडबडायची.
मी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.
चोरासाठी जपून ठेवलेली शिट्टी
माझ्याच गल्लीवर वाजवली मी,
गाल दुखेपर्यंत, नळीतून थुंकी गळेपर्यंत,
त्याच्या आणि चाळीस जणांच्या मध्ये उभा राहून,
ढगळ जाकिटात, म्हातारा, थरथरत.
"लई पोलीस झालास व्हय?" कुणीतरी म्हणालं.
आवाज ओळखीचा होता.
सगळेच आवाज ओळखीचे होते.

जीप आली, तोवर अकरा मिनिटं.
ती मोजायला घड्याळ लागलं नाही.

इराप्पा. चिकोडीकडचा.
इचलकरंजीत मागावर काम, शेवटची गाडी चुकलेली.
चादर बहिणीच्या बाळासाठी.

पहाटे नदाफ मॅडमनी त्याला कट्ट्यावर नेला.
म्हशीचं धारोष्ण दूध, ग्लासावर फेस.
मला येणारं एकच वाक्य मी विचारलं,
"ऊट आतेन?" जेवलास का?
फुटक्या ओठानं तो हसायला गेला, जमलं नाही.
फेसाला तांबडी कड आली. त्यानं पिऊन टाकलं.

ठाण्यातल्या वहीत त्या रात्रीपुढं नोंद आहे:
'गस्त झाली. रात्र शांततेत.'
मी वाचली. मॅडमकडं बघितलं.
मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

आता पुन्हा आम्ही दोघंच.
सुबराव चार पावलं पुढं चालतो, बोलत नाही.
आक्काताईंच्या गजातून एकच कप येतो,
कधी त्याला, कधी मला,
त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही.
शिट्टी मी धुतली, वाळवली.
आत एक बारका गोळा असतो,
हे मला आधी माहीत नव्हतं.
खिशात असतो तो. मी चाललो की हलतो.